शिवी येते, मग पाणी का मागता येत नाही?

पत्र मोठं आहे, सगळं छापायला जागा नाही आणि काही गोष्टी घरातल्याच राहिलेल्या बऱ्या, म्हणून मधलं मधलं देतेय.

"ताई, माझे आप्पा एसटीत कंडक्टर होते, गडहिंग्लज डेपोला. गेल्या वर्षी रिटायर झाले आणि पाच महिन्यांपूर्वी पहाटे बाथरूमला जाताना पडले. मेंदूच्या डाव्या बाजूला मोठा ब्लॉक निघाला. उजवा हात गेला, पाय थोडा आलाय, काठी घेऊन अंगणात फिरतात. पण वाचा गेली. फक्त 'पुढं चला, पुढं चला' एवढंच येतं. भूक लागली तरी पुढं चला, रडताना पण पुढं चला. डॉक्टर म्हणाले ग्लोबल अफेजिया आहे, म्हणजे मेंदूतल्या भाषेलाच मार बसलाय, सहा महिन्यात यायचं तेवढं येईल, नंतर काही नाही. आता एकच महिना राहिला. मी पुण्याची नोकरी सोडून आलेय, सकाळी तीन तास संध्याकाळी तीन तास त्यांना शिकवते, पाटी आणली, बालवाडीचे तक्ते आणले, काही येत नाही, मग मी ओरडते आणि रात्री मलाच रडू येतं. आजी त्यांच्याशी कानडी बोलते, शेजारचे म्हणतात ते बंद करा, डोक्यात गोंधळ होतो. गेल्या आठवड्यात काका प्लॉटचे कागद घेऊन अंगठा मागायला आले तर आप्पांनी त्यांना इतकी स्पष्ट शिवी दिली की सगळे गप्प. आता काका भावकीत सांगत सुटलेत की दादाला बोलता येतंय, नाटक करतोय. आई पण विचारते, शिवी येते मग पाणी का मागता येत नाही. खरं सांगू, मला पण तोच प्रश्न पडलाय. त्यांना कळतं का काही? नाव छापू नका."

अगं, तुला तूच म्हणते, माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे. आधी त्या शिवीचंच बोलू कारण तुमच्या घरातलं अर्धं भांडण त्या एका शिवीवर उभं आहे.

शिवी खरी आहे आणि नाटकही नाहीये. आपण तोंडातून जे काढतो ते सगळं एका जातीचं नसतं. "मला पाणी दे, फ्रीजमधलं नको माठातलं दे" हे वाक्य दरवेळी नव्याने बांधावं लागतं, शब्द शोधायचे, ओळीत लावायचे, माठाला 'तलं' जोडायचं, मग जिभेला ओठांना हुकूम द्यायचा, आणि हे बांधकाम बहुतेक माणसांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, आप्पांचं रक्त नेमकं तिथंच अडलं. शिवी मात्र बांधावी लागत नाही. शिवी, "अरे देवा", "आई गं", एक ते दहा आकडे, वारांची नावं, लहानपणापासूनची आरती, हे सगळं आख्खंच्या आख्खं तयार पडलेलं असतं, राग आला किंवा सुरुवात मिळाली की आपोआप बाहेर येतं, त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचा आणि आतल्या खोल भागांचाही हात असतो असं मानतात आणि आप्पांचे ते भाग शाबूत आहेत. म्हणजे आप्पांनी शिवी दिली म्हणण्यापेक्षा त्यांना शिवी आली म्हण. शिंक येते तशी. आत्ता त्यांना कोणी म्हटलं की परवाची तीच शिवी परत म्हणून दाखवा तर शंभरातल्या नव्वद वेळा येणार नाही (काकांना समोर बसवून ट्राय करायचा मोह होईल, नको करूस).

आईला हे सांगताना मेंदूबिंदू काढू नकोस, एवढंच सांग की पाणी मागायला शब्द शोधावा लागतो आणि शिवी शोधावी लागत नाही.

आणि "पुढं चला"चं पण तसंच आहे. तुला वाटत असेल की आप्पांना काहीतरी सांगायचंय म्हणून ते तेच तेच म्हणतायत. मी बावीस वर्षं स्पीच थेरपीच्या कामात आहे आणि असं एकच वाक्य राहिलेली माणसं बघितलीत, कुणाला "बघू बघू" राहिलं, एका शाळामास्तरांना नुसतं "गप्प". इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन म्हणून न्यूरॉलॉजिस्ट होता, त्याने एका रेल्वे सिग्नलवाल्याची केस लिहून ठेवलीये, तो केबिनसमोर रुळांवर असतानाच त्याला झटका आला आणि त्यानंतर त्याच्याकडे एकच वाक्य राहिलं, "माझ्याकडे या". दुसरा एकजण मोठा कॅटलॉग तयार करायच्या कामात रात्रंदिवस गुंतलेला, त्याच्याकडे राहिलं "यादी पूर्ण". आयुष्यभर स्टँडिंगच्या गर्दीत पुढं चला पुढं चला म्हणणाऱ्या माणसाकडे तेच शिल्लक राहिलं याचं मला तरी नवल वाटत नाही. शब्दांचा अर्थ शोधू नकोस, ते पुढं कुठंही चाललेले नाहीत. चाल ऐक. भुकेचं "पुढं चला" आणि रागाचं "पुढं चला" आणि तू घरात शिरल्यावरचं "पुढं चला" यात सुराचा फरक असणार, बहुतेक वेळा असतोच. तीन दिवस नुसतं लक्ष देऊन ऐक आणि वहीत लिही. आईला यातलं बरंच आधीच कळत असणार, तिला विचार.

आता कळतं का. याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर देणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

ग्लोबल अफेजियात बोलणं, ऐकून समजणं, वाचणं आणि लिहिणं चारही गोष्टींना मोठा मार बसलेला असतो. लोकांना वाटतं वाचा गेली म्हणजे घशाचं किंवा जिभेचं काहीतरी झालं, मग पाटी द्या, लिहून दाखवतील. पण लिहायला पण भाषाच लागते ना गं. शब्दच सापडत नाही तर हात काय लिहिणार, आणि लिहायचा हातही तोच गेलाय. त्यामुळे पाटीवर काही उमटत नाही यात आळस नाही, हट्ट नाही आणि बुद्धी गेली असंही नाही. रस्ता ओळखणं, माणसं ओळखणं, कोण प्रेमाने आलंय आणि कोण कागद घेऊन आलंय हे ओळखणं, कुणाचं घरात काय चाललंय, सून रुसलीये का, ही समज वेगळी आणि भाषा वेगळी. काका दारातून आत आले तेव्हा आप्पांना शब्द किती कळले देव जाणे, पण भाऊ कशाला आलाय ते बरोबर कळलं.

दुसरी बाजूपण सांगते नाहीतर तू उगाच हुरळून जाशील. "आप्पा जेवायला चला" म्हटलं की ते उठतात म्हणून घरच्यांना वाटतं सगळं समजतं. पण तेव्हा फोडणीचा वास आलेला असतो, ताटं वाजलेली असतात, एक वाजलेला असतो आणि तू स्वयंपाकघराकडे हात केलेला असतो, यातले शब्द काढून टाकले तरी ते उठतील. आणि चारजण एकदम बोलायला लागले, त्यात टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, की त्यांच्या हाती काहीच लागत नाही, अनोळखी मुलखातल्या स्टँडवर अनाउन्समेंट ऐकल्यासारखं होतं. म्हणजे घरचे समज जास्त धरतात आणि दहा मिनिटं बघणारा डॉक्टर कमी धरतो, खरं मधे कुठंतरी असतं आणि ते रोज बदलतं, सकाळी बरं असतं संध्याकाळी थकल्यावर नसतं.

हो-नाहीचं बघून घे. ते सगळ्याला हो म्हणत मान हलवत असतील, तर त्याला होकार समजू नकोस. अफेजियात हो आणि नाहीची अदलाबदल फार होते, त्यात आपली मान हलवायची पद्धत अशी की धडधाकट माणसाचं हो का नाही ते परक्याला कळत नाही. एक साधी चाचणी आहे, उत्तर तुला माहीत असलेले चारपाच प्रश्न मिसळून विचार, "आपण गडहिंग्लजला राहतो?" "आपण मुंबईला राहतो?" "ही आई का?" तिन्हीला हो आलं तर मानेवर भरवसा नाही. मग एका पुठ्ठ्यावर मोठी हिरवी बरोबरची खूण आणि दुसऱ्यावर लाल फुली काढ, दोन्ही समोर ठेव, थोडी डावीकडे सरकवून, कारण अशा स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा उजव्या बाजूचं दिसणंही जातं आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही, ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते आणि घरचे म्हणतात आवडली नसेल. ताट बघ बरं आप्पांचं.

चाचणी म्हटलं खरं पण ती एकदाच. आता मला जे खरं सांगायचंय ते इथून सुरू होतं.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात पॉल ब्रोका या सर्जनकडे एक पेशंट आला, लबोर्न नावाचा, वय ५१. त्याला "तां" एवढाच आवाज यायचा, तोही दोनदा, "तां तां", म्हणून सगळे त्याला तां म्हणूनच हाक मारायचे. याचं समजणं आप्पांपेक्षा बरंच चांगलं होतं, ते सोड. ब्रोकाने त्याला विचारलं, तू इथं किती वर्षं आहेस? त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने परत तेच विचारलं, परत एकवीस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तांच्या लक्षात आलं की हा मला विचारत नाहीये, माझी परीक्षा घेतोय, आणि त्याने एक कडक शिवी हासडली. काही दिवसांत तां वारला, ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूची जखम दाखवली आणि मेंदूतल्या भाषेच्या जागेचा शोध त्याच्या नावावर लागला, त्या जागेला आजही ब्रोकाज एरिया म्हणतात. मेंदूशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट जखमेसाठी सांगतात, मी मात्र घरोघर त्या तिसऱ्या प्रश्नासाठी सांगत फिरते.

तू रोज सहा तास तिसरा प्रश्न विचारतीयेस.

"आप्पा, हे काय आहे? बोला. के... के... केळं. बोला की." तुला माहितीये ते केळं आहे, आप्पांना माहितीये ते केळं आहे, आप्पांना हेही माहितीये की तुला माहितीये. यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त नापास होणं आहे, दिवसातून दोनशे वेळा, पोटच्या पोरीसमोर. वर ते क कमळाचा, ख खटाऱ्याचा. ज्या माणसाने पन्नास सीटच्या गाडीत सत्तर माणसांचे पैसे तोंडी हिशोबाने चुकते केले त्याच्यापुढे बालवाडीचा तक्ता. मी असते तर मी पण शिवी दिली असती. तुझ्यावर चिडत नाहीये गं, शंभरातली ऐंशी घरं हेच करतात, प्रेमापोटीच करतात, आणि मी स्वतः कामाला लागले तेव्हा पहिली काही वर्षं हेच केलंय, सरकारी छापाचे तक्ते पुढे धरून.

मग करायचं काय? परीक्षा बंद आणि गप्पा सुरू. गप्पा म्हणजे ज्याचं उत्तर तुला माहीत नाही असं काहीतरी. एका वेळी एकच विषय, लहान वाक्य, सावकाश पण मोठ्याने नाही (कान चांगले आहेत त्यांचे, ओरडून काय होणार), टीव्ही बंद, तू समोर बसून, आणि हातात काहीतरी खरी वस्तू. त्यांचा जुना पंच घरात असेलच, तिकिटांचा ट्रे असेल, बिल्ला असेल. कोल्हापूर जिल्ह्याचा मोठा नकाशा आणून भिंतीला लाव. "आप्पा, तुमचा सगळ्यात वाईट रूट कुठला?" आणि थांब. थांब म्हणजे खरंच थांब, मनात वीस मोज, आपल्याला तीन सेकंदांची शांतता सहन होत नाही म्हणून आपण मधे शब्द कोंबतो. ते बोट ठेवतील, "पुढं चला" म्हणतील, तू म्हण "आजरा? घाट म्हणून? का पाऊस?" आणि घाटाचं चित्र काढ, पावसाचं काढ, कागदावर आजरा असं ठळक लिही, कळलंय ते परत सांगून पक्कं कर. चित्र घाणेरडं आलं तर चांगलंच, हसतील. ते इशाऱ्याने बोलले, नकाशावर बोट ठेवून बोलले, तोंड वाकडं करून बोलले, सगळं बोलणंच धर, आणि शब्द आला तर आला.

आणि कळलं नाही तर "हां हां, बरोबर" म्हणून वेळ मारून नेऊ नकोस, ते लगेच कळतं त्यांना. "आप्पा, तुम्हाला माहितीये तुम्हाला काय म्हणायचंय, मलाच लागत नाहीये, उद्या परत बघू" असं म्हण. हे वाक्य पाठ कर, आईला पण पाठ करायला लाव, माझ्या अनुभवात औषधाच्या खालोखाल हेच.

फोनमध्ये एक अल्बम कर, पंचवीस-तीस फोटो पुरे, जास्त नकोत. घरातलाच माठ, घरातलंच संडासचं दार, त्यांची गोळ्यांची डबी, चहाचा कप, आजी, नातवंडं, डेपो, न्हाव्याचं दुकान, दुखतंय म्हणून हात लावायला त्यांचाच उभा फोटो. बाजारातल्या रेडीमेड कार्डांवर सफरचंद आणि पेंग्विन असतो, तुमच्या घरी पेंग्विन कधी आलाय?

आपोआप येणाऱ्या गोष्टींचा थोडा फायदा घेता येतो. तू "गडहिंग्लज, संकेश्वर..." असं स्टॉप पुकारायच्या चालीत सुरू कर आणि थांब, "निपाणी" बाहेर पडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस, कागल कोल्हापूरपर्यंत गाडी गेली तरी नको. तसंच हरिपाठ, आरती, भजन. सुरावर शब्द येतात, याच्यावरून बॉस्टनच्या लोकांनी १९७० च्या दशकात मेलोडिक इंटोनेशन थेरपी म्हणून पद्धत काढली, वाक्य सुरात म्हणायचं आणि डाव्या हाताने ताल द्यायचा. पण ती मुख्यतः ज्यांचं समजणं बरं आहे त्यांना लागू पडते, त्यामुळे व्हिडिओ बघून अपेक्षा वाढवू नकोस. भजनात दहा ओळी आल्या म्हणजे उद्या पाणी मागतील असं नसतं, ती वाट वेगळी हे वर सांगितलंच. पण पाच महिन्यांनी स्वतःच्या तोंडातून अख्खी ओळ ऐकणं याला पण काही किंमत आहे ना.

कानडीचं शेजाऱ्यांचं ऐकू नकोस. दोन भाषांच्या माणसाला अफेजिया झाला तर बहुतेकवेळा दोन्ही भाषांना मार बसतो आणि दोन्ही साधारण बरोबरीने परत येतात, काहीजणांत मात्र एक पुढे जाते, ती कुठली हे आधी सांगता येत नाही, आईच्या दुधाबरोबर आलेली असेल किंवा रोजच्या वापरातली. आजीला मुलाशी तिच्या भाषेत बोलायला बंदी करायची आणि त्याला थेरपी म्हणायचं, हे कुठलं शहाणपण! उलट आजी बोलते तेव्हा चेहऱ्यावर काही वेगळं दिसतं का, कानडी आकडे येतात का, हे बघ आणि थेरपिस्टला सांग, त्यांना या माहितीचा उपयोग असतो.

आता सहा महिने. कॅलेंडरवर तू गोल करून ठेवलाय असं पत्रात पुढं लिहिलंयस, तो पुसून टाक. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते हे खरं, नंतर वेग कमी होतो हेही खरं, पण दार बंद होत नाही. स्ट्रोकला वर्ष उलटलेल्या माणसांतही थेरपीने फरक पडल्याचे अभ्यास आहेत. २०१६ मध्ये कोक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) अफेजियावरच्या ५७ चाचण्या, तीन हजारांवर पेशंट, एकत्र करून बघितल्या, स्पीच थेरपीचा फायदा होतो असं निघालं, जास्त तासांच्या थेरपीचा जास्त फायदा दिसला पण त्यात मधेच सोडून जाणारेही जास्त निघाले. तुझे सहा तास त्यातच मोडतात, फक्त सोडून जायला आप्पांना जागा नाहीये. दिवसातून अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन बैठका पुरे, बाकी वेळ तू मुलगी.

खोटी आशा पण देणार नाही. ग्लोबल अफेजिया सगळ्यात जड प्रकार. पाच महिन्यांनी एकच वाक्य असेल तर आप्पा पूर्वीसारखे बोलतील असं मी म्हणणार नाही. समजणं सुधारतं, बोलण्यापेक्षा जास्त आणि आधी, काहीजण काही सुट्या शब्दांपर्यंत येतात, काहींचं ग्लोबल हळूहळू ब्रोकाच्या प्रकारात उतरतं म्हणजे कळतं बरंच, बोलणं तुटक. स्वीडनचा कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर, १९९० मध्ये स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली, बोलणं जवळपास गेलं, डाव्या हाताने पियानो वाजवायचा, बायको त्याच्या वतीने बोलायची, २०११ मध्ये त्याला नोबेल मिळालं. बोलणं परत आलं म्हणून नाही सांगत, ते नाहीच आलं फारसं. त्याच्या घरी येणारी माणसं त्याच्याशी बोलत राहिली म्हणून सांगतेय.

थेरपिस्ट शोध, हे तू एकटीने करायचं काम नाही. बीएएसएलपी (स्पीच थेरपीची पदवी) किंवा पुढचं शिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर, हे दोन विचार, ओशाळू नकोस, नंबर मागायचा. कोल्हापुरात चौकशी कर, मुंबईला बांद्र्याला ऐकण्याबोलण्याच्या अडचणींसाठीची अलीयावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटलला विभाग आहे, एकदा नेऊन नीट तपासणी करून घे आणि मग व्हिडिओ कॉलवर चालू ठेवता येतं, दर आठवड्याला एवढ्या लांब न्यायची गरज नाही. लहान मुलांचीच थेरपी करणारे पुष्कळ असतात, फोनवरच विचार की स्ट्रोकचे मोठे पेशंट बघता का. जाताना गिळण्याचंही दाखव, पाणी पिताना ठसका लागत असेल तर लगेच दाखव, छातीत उतरलं तर न्यूमोनिया होतो. आणि जिभेला वेखंड, अक्कलकारा, मसाज, हे सांगणारे भेटले असतील, नसतील तर भेटतील. जीभ बिचारी ठीक आहे. स्टेम सेलच्या इंजेक्शनचे लाखांचे पॅकेज सांगणाऱ्यांना तर दारात पण उभं करू नकोस. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची गोळी मात्र डॉक्टरने सांगितल्याशिवाय एक दिवस पण चुकवायची नाही, आणि परत कधी तोंड वाकडं, हातपाय अचानक ढिला असं काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात.

काकांचे कागद. कुठल्याही कागदावर अंगठा नाही. प्लॉटचा असो, मुखत्यारपत्र असो, काय वाटेल ते असो. आप्पा वेडे नाहीत, अफेजिया म्हणजे वेड नाही, पण आज त्यांना खरेदीखतातलं वाक्य समजेल अशी खात्री कोणालाच देता येत नाही, आणि न समजता दिलेला अंगठा नंतर कोर्टात ओढत बसावा लागतो. वकिलाला आत्ताच भेट, भांडण होण्याआधी. बँकेचं वेगळं आहे, सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा अधिकारी, असा घेऊन पैसे काढता येतात, मॅनेजरला भेटून नियम विचार, "नॉमिनी आहे का" म्हणून उडवून लावलं तर परत विचार. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दिव्यांगत्व आहे, त्याच्या व्याख्येत अफेजिया हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) अर्ज कर, नुसता हातापायाचा नको, दोन्हीचा कर. भावकीत कोणी नाटक म्हटलं की तो कागद पुढे करायला पण बरा.

संध्याकाळी रडतात असं लिहिलंयस. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला डिप्रेशन येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं डिप्रेशन कोणी विचारतच नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरला हे आधी सांग, त्यावर गोळ्या आहेत. आईचं पण बघ. तिच्याशी तिच्या नवऱ्याचं रात्रीचं बोलणं बंद झालंय पाच महिने, आणि सगळे विचारतात ते आप्पांचं. आणि तू वर्क फ्रॉम होम मिळतं का बघ, खरंच बघ, तुझी नोकरी गेली याचा हिशोब आप्पा मनात करत नसतील असं समजू नकोस, कंडक्टर आहेत ते.

या रविवारी एक कर. संध्याकाळी आप्पांना रिक्षाने डेपोवर घेऊन जा, चहाच्या टपरीवर, जुन्या मंडळींना आदल्या दिवशी फोन करून सांग की कोणी "ओळखलं का मला" आणि "माझं नाव सांगा" विचारायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं, नेहमीसारखं डेपो मॅनेजरला शिव्या घालायच्या, आप्पांच्या हातात चहा द्यायचा, डाव्या. आप्पा "पुढं चला" म्हणाले तर हसू आलं तरी चालेल, तिथं सगळे तेच म्हणत आयुष्य काढलेले आहेत. मग काय झालं ते मला लिही, आणि हो, आजीसमोर कानडी आकडे येतात का तेही. पाटी माळ्यावर टाकून दे.